एक पान मागे

ताईने केलेल्या कवळ्या घालून या शहरातली निम्मी म्हातारी माणसं जेवतात, पण त्यांतल्या एकालाही ताई कशी दिसते हे ठाऊक नाही. तिचा आणि त्यांचा संबंध जबड्यापुरता. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेतात, त्यांच्या दवाखान्यातली नर्सबाई तो डब्यात घालून ताईच्या दारात आणून देते, आणि काही दिवसांनी त्याच डब्यातून अख्खे दात परत जातात. मधलं सगळं ताईचं. ठशात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की जबडा हातात येतो. त्यावर मेणाच्या हिरड्या रचायच्या, मेणात एकेक दात बसवायचा, मग साच्यात घालून गरम पाण्याने मेण काढून टाकायचं आणि त्याच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून भांड्यात उकळत ठेवायचं. शेवटी घासून घासून अशी चकाकी आणायची, की घालणाऱ्याच्या जिभेला कुठे खुपू नये.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत ताई. दात आहेत तर चणे नाहीत असं म्हणतात, पण ताईची तक्रार चण्यांची नव्हती. खिडकीच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि त्यांतला एकही बोलत नसे.

"एवढ्या तोंडांमध्ये बसता दिवसभर," नर्सबाई म्हणायची, "आणि तुमच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे अक्कलदाढ काढायची!"

"ही तोंडं बरी," ताई म्हणायची. "उलट उत्तर देत नाहीत."

नर्सबाई खो खो हसायची, डबा उचलायची आणि जायची. दिवसातलं ताईचं बोलणं तिथे संपायचं.

या कामात हाताला उद्योग थोडा आणि थांबणं फार. प्लास्टर घट्ट व्हायला थांबा, मेण गार व्हायला थांबा, भांडं उकळतंय तोवर थांबा. ताई थांबायची ते खिडकीजवळच्या स्टुलावर, हातात 'पाटी' घेऊन. पाटी म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, ई-रीडर. करड्या पडद्याचं, वहीपेक्षा लहान आणि हलकं. त्याला पाटी हे नाव धाकट्या बहिणीने दिलं होतं. ताई त्या पाटीवर काय वाचायची आणि कशी वाचायची, हे सांगायचं तर आधी धाकटीबद्दल सांगायला हवं.

त्यांचे बाबा वीज कंपनीत मीटर वाचायला जात. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुस्तकं. "आकड्यांनी डोळे कोरडे पडतात. ते भिजवायला नकोत का?" असं त्यांचं म्हणणं. आई लवकर गेलेली. घरात एक खाट, खाटेवर एक पुस्तक आणि ते वाचणाऱ्या मुली दोन. ताई भराभर वाचायची. धाकटी एकेक ओळ चघळत बसायची. पुस्तक ताईच्या हातात असे आणि धाकटी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसे. ताई पानाच्या तळाशी पोचली की कोपऱ्यावर अंगठा ठेवून विचारायची, "उलटू?"

"थांब."

"अगं किती वेळ!"

"थांब ना ताई, ते अजून होडीत आहेत."

ताई उसासे टाकायची, नाक मुरडायची, पण थांबायची. धाकटीने "उलट" म्हटल्याशिवाय पान उलटलं असं त्या घरात कधी झालं नाही.

मुली मोठ्या झाल्या. धाकटी नोकरीसाठी लांब गेली, विमानाने जावं लागेल इतकी लांब. ताई बाबांपाशी राहिली. बाबांची नजर अधू झाली तेव्हा धाकटीने दोन पाट्या घेतल्या, एक स्वतःला आणि एक बाबांना. दोन्ही तिच्या एकाच खात्याला जोडलेल्या, म्हणजे तिकडे तिने पुस्तक घेतलं की इकडे बाबांच्या पाटीवर आपोआप हजर. बाबा अक्षरं मोठ्ठी करून वाचायचे. एका पडद्यावर जेमतेम दोन वाक्यं मावत, पण म्हातारा खूश होता.

बाबा गेले आणि ते भाड्याचं घर सोडायची वेळ आली. मालकाला घर हवं होतं. ताईला या दोन खोल्या मिळाल्या, पण बाबांच्या पुस्तकांचं काय करायचं? जमिनीपासून छतापर्यंत कपाट भरलेलं, शिवाय खाटेखाली ढीग. धाकटीने फोनवर सांगितलं, "ताई, मी सुट्टी काढून येते. तोवर पुस्तकांना हात लावू नकोस. थांब जरा."

ताई काही दिवस थांबली. मग मालक रोज दारात उभा राहायला लागला. सामानाचा टेंपो ठरला, आणि ताईने रद्दीवाल्याला बोलावलं. कपाट तिने स्वतःच्या हाताने रिकामं केलं, एकेक पुस्तक पोत्यात भरलं, आणि त्याने पोती तराजूला लावली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण सामान हलवताना माणसाला वाईट वाटायलाही फुरसत नसते.

धाकटी आली ती रिकाम्या भिंतीसमोर. बॅग हातातच होती.

"तू बाबांना रद्दीत घातलंस," ती म्हणाली.

"तुझं बरं आहे. विमानातून उतरायचं आणि विमानात बसायचं. मालक माझ्या उरावर बसला होता."

"मी थांब म्हटलं होतं."

"थांबायला जागा लागते!" ताई ओरडली. ओरडल्यावर आपलंच खरं वाटतं, तसं तिलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी गेली. पोचल्याचा फोन नाही, पत्र नाही. आधी तिने करावा असं ताईला वाटत होतं आणि तिकडेही तसंच वाटत असणार, कारण दोघी एकाच बापाच्या. वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग वर्षांचा हिशोब ठेवणं ताईने सोडलं. रक्ताचं नातं तुटत नाही असं लोक म्हणतात. तुटत नसेलही, पण बिनबोलता पडून राहतं, आणि त्याचा त्रास तुटण्यापेक्षा कमी नसतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. बाबांची पाटी ताईकडेच होती आणि ती अजून धाकटीच्या खात्याला जोडलेली होती. धाकटी काढायचं विसरली होती की तिने मुद्दाम ठेवलं होतं, हे ताईला कळायला मार्ग नव्हता. तिकडे तिने एक बटण दाबलं की इकडे सगळं बंद. ते बटण दाबलेलं नाही, एवढ्या एका आधारावर ताई रोज दुपारी पाटी उघडायची.

पुस्तकं विचारू नका! धाकटीचा हात पहिल्यापासून सैल. दिसलं पुस्तक की घे, आवडलं की घे, कुणी चांगलं म्हटलं की घे. हजारो पुस्तकांचा एकच ढीग, शेंडा ना बुडखा. आणि ताईचं आयुष्य गेलेलं दाताला दात लावण्यात. तिला तो पसारा बघवेना. तिने फोल्डर केले. धाकटी सध्या वाचते आहे ते 'चालू'मध्ये, वाचून संपवलं ते 'झालेली'मध्ये, मध्येच टाकलं ते 'सोडलेली'मध्ये. धाकटीने कधी उघडलंच नाही ते सगळं 'पडून' नावाच्या फोल्डरात. पुस्तकाच्या नावाशेजारी किती वाचलं त्याचा आकडा असतो, तोच बघून ताई वाटणी करायची. शून्य दिसलं की पडून. नाव वाचायची तसदी ती घ्यायची नाही, तिला काय, धाकटी जिथे असेल तिथे जायचं होतं.

एकदा तिने एक पुस्तक 'सोडलेली'मध्ये टाकलं, कारण महिनाभर त्याचा आकडा हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते परत 'चालू'मध्ये! ताई कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. म्हणजे हे फोल्डर तिकडेही दिसत होते. म्हणजे इकडे ताई आवराआवर करते आहे हे धाकटीला ठाऊक होतं आणि तिने ती चालू दिली होती.

"काय ताई, आज गुणगुणताय?" नर्सबाईने विचारलं.

"प्लास्टर चांगलं जमलं," ताई म्हणाली.

'चालू'मधलं पुस्तक उघडलं की पाटी विचारायची, दुसऱ्या यंत्रावर अमुक पानापर्यंत वाचून झालं आहे, तिथे जायचं का? ताई नेहमी 'नाही' म्हणायची. ती पहिल्या पानापासून निघायची आणि धाकटीच्या एक पान मागे येऊन थांबायची. पुढे कधी जायची नाही. आपण पुढे गेलो तर तोच प्रश्न धाकटीला तिकडे विचारला जाईल, आणि आपण तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसलोय हे तिला आवडेल की नाही, कोण जाणे. म्हणून एक पान मागे. धाकटी दोन पानं वाचायची, ताई दोन पानं वाचायची. तिने पाठदुखीवरचं पुस्तक उघडलं तेव्हा ताई आठवडाभर काळजीत होती. विनोदी पुस्तक एका बैठकीत संपलं तेव्हा ताईला बरं वाटलं, पोरगी हसते आहे अजून.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण पाटी भरली.

एका दुपारी 'चालू'मध्ये नवं नाव दिसलं, ताईने त्यावर बोट ठेवलं आणि उत्तर आलं की जागा उरलेली नाही. बाबांची पाटी जुनी, तिचं पोट लहान. पुस्तक उतरेना. धाकटी पुढे निघाली होती आणि ताईला मागून जाता येत नव्हतं. दोन दिवस ती तडफडली. मग तिने कंबर कसली. जागा करायची तर 'पडून' रिकामं करायचं, तिथलं कुणी कधी उघडलेलं नाही. तिने सगळं निवडलं. पाटीने विचारलं, फक्त या यंत्रावरून काढू की खात्यातूनच कायमचं काढू? ताईच्या हाताला अर्धवट कामाची सवय नाही. कवळीची कडा घासायची तर गुळगुळीत होईपर्यंत घासायची. तिने 'कायमचं' दाबलं.

पुस्तकं एकेक करून जायला लागली, आणि जाताना प्रत्येकाचं नाव पडद्यावर येत होतं. नावं ताईने पहिल्यांदा वाचली ती तेव्हा. पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. घड्याळं उघडून दाखवणारं. पूल कसे बांधतात ते. ही नावं तिच्या हाताला माहीत होती. ही तिने पोत्यात भरली होती. शेवटी समुद्रप्रवासाचं गेलं, ज्यात ती माणसं होडीत असतात ते.

धाकटी इतकी वर्षं बाबांचं कपाट पुन्हा भरत होती. आठवेल तसं, सापडेल तसं, एकेक. कधीच उघडली नव्हती, कारण ती वाचायला घेतलेलीच नव्हती. आणि ताईने ती सगळी दुसऱ्यांदा काढून टाकली होती, यावेळी मालक दारात नसताना.

तिने दिसेल ते बटण दाबून पाहिलं. परत आणायचं बटण कुठेच नव्हतं. भांड्यातलं पाणी आटून करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रोज दुपारी पाटी हातात घ्यायची आणि उघडायची हिंमत व्हायची नाही. उघडल्यावर काय दिसेल? हे यंत्र कुठल्याच खात्याला जोडलेलं नाही, एवढंच लिहिलेलं असेल आणि खाली काही नसेल. तिने तोडलं तरी धाकटीचं काय चुकलं असतं? एकदा माणूस सोसतो. शेवटी ताई उघडायची, बाकीचं सगळं जागच्या जागी दिसायचं, पण 'चालू'मधला आकडा मात्र हलत नव्हता. तिकडे धाकटीने वाचणंच थांबवलं होतं. तिने निरोप लिहायला घेतला, "चुकून झालं." मग पुसून टाकला. मागच्या वेळी "नाइलाज होता" म्हणून झालं होतं. दर वेळी हाताशी एक कारण तयार असतं, याची तिची तिलाच लाज वाटली.

कामात लक्ष लागेना. एका आजोबांच्या कवळीत तिने डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. नर्सबाई डबा परत घेऊन आली.

"अहो ताई, ते हसले तर डॉक्टर दचकले! तुम्हाला बरं नाही का?"

"बरी आहे."

"घरात काही भांडण वगैरे?"

"घरात कोण आहे भांडायला?" ताई म्हणाली.

नर्सबाई उगाच फळीवरचा एक जबडा सरळ करून गेली.

आणि एका दुपारी पक्ष्यांचं पुस्तक परत आलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी घड्याळाचं. मग पुलांचं, मग आणखी दोन. धाकटी पुन्हा शोधत होती, पुन्हा एकेक आणून ठेवत होती. सगळी एका नव्या फोल्डरात होती. फोल्डरला नाव दिलेलं होतं: 'ताईने हात लावायचा नाही.'

ताई हसली आणि मग तिला रडू आलं. दोन्ही एकदमच आलं म्हणा. शिवी का असेना, पण तिच्यासाठी होती. इतक्या वर्षांत धाकटीने तिला ताई म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं होतं, रागावून का होईना. त्या फोल्डरातली पुस्तकं बाबांच्या कपाटात कशी लावलेली होती ते ताईला तोंडपाठ होतं, लावून द्यायला हात शिवशिवत होते. पण हात लावायचा नाही म्हणजे नाही. ती हात मांडीखाली घेऊन बसली, शाळेतल्यासारखी.

सगळ्यात शेवटी आलं ते समुद्रप्रवासाचं. ते मात्र फोल्डरात गेलं नाही, 'चालू'मध्ये आलं. धाकटीने ते उघडलं होतं.

ताई पहिल्या पानापासून निघाली. किती वर्षांनी वाचत होती, तरी वाक्यं आधीच ओठांवर येत होती. एका जबड्याचं प्लास्टर घट्ट होईपर्यंत वादळ झालं, दुसऱ्याचं होईपर्यंत जहाज फुटलं. माणसं होडीत उतरली आणि ताई धाकटीच्या एक पान मागे येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, धाकटी तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. मग ताईने आजवर केलं नव्हतं ते केलं. ते एक पान ओलांडलं आणि धाकटी होती त्याच पानावर जाऊन बसली. होडी, चार माणसं, लांबवर काहीच दिसत नाही. ती पानाच्या तळाशी पोचली. अंगठा कोपऱ्यावर आला होता.

फोनही करता आला असता. पण फोनवर पहिला शब्द काय बोलायचा हे तिला आजवर सुचलं नव्हतं, आणि आता एक शब्द सुचला होता तर तो इथलाच होता. तिने नवा फोल्डर केला. रिकामाच. त्याला नाव दिलं, 'उलटू?'

दुसऱ्या दिवशी एका आजींचे दात भांड्यात उकळत ठेवून ताई स्टुलावर बसली. पाटी उघडायच्या आधी तिने हात दोनदा पुसले. रिकामा फोल्डर जागेवर होता, पण त्याचं नाव बदललेलं होतं.

'थांब.'

ताईने समुद्रप्रवास उघडला, त्याच पानावर आली, अंगठा कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला नाही. भांड्यावरचं झाकण खडखडत होतं. दार ढकलून नर्सबाई आत आली, नवा डबा टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे बघत उभी राहिली.

"झालं का ताई?"

"नाही," ताई म्हणाली. "अजून धाकटीचं व्हायचंय."

"कोण धाकटी?"

ताईने दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बहीण आहे मला," ती म्हणाली. "बसा."